वेदनेची भाषा : तान्हे बाळ, बालक आणि किशोर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी वेदनेसारखा विषय निवडला गेला, याचे कोणाला आश्चर्य वाटल्यास नवल नाही. परंतु ज्या समाजाने मुक्या जिवांच्या पीडेचा विचार शतकानुशतके केला, त्या समाजात घरातल्या मुक्या जिवाच्या पीडेचा विचार व्हावा हे उचितच आहे. मोठ्या माणसाची दाढ दुखू लागली की सारे घर जागे राहते. दुखणे कोठे आहे, केव्हापासून आहे, किती आहे, हे तो सांगतो आणि ऐकणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसतो. चार दिवसांच्या बाळाला हे सांगता येत नाही. चार वर्षांचे बालक सांगते, पण त्याचे शब्द अपुरे पडतात. चौदा वर्षांच्या मुलाजवळ शब्द असतात, पण आपल्यावर कोणी विश्वास ठेवील की नाही या शंकेने तो गप्प राहतो. तिघांची अडचण वेगवेगळी. परिणाम मात्र एकच, तो म्हणजे वेदनेवर उपचार होत नाहीत. मुलाचे गप्प राहणे आणि मुलाला न दुखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हाच या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

विज्ञानाला उशिरा आलेली जाग

नवजात बालकाला वेदना होत नाहीत, झाल्या तरी त्या त्याच्या स्मरणात राहत नाहीत, अशी समजूत केवळ अडाणी लोकांचीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत जगातील नामांकित रुग्णालयांतही ती रूढ होती. बाळाच्या मज्जातंतूंवरील आवरण अपूर्ण असते, म्हणून वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही, असे मानले जाई. शिवाय भुलीची औषधे एवढ्याशा जिवाला सोसणार नाहीत, ही भीती होती. परिणामी अनेक नवजात बालकांच्या शस्त्रक्रिया स्नायू शिथिल करणारे औषध देऊन, पण वेदनाशामकाशिवाय अथवा अत्यल्प वेदनाशामक देऊन होत असत. बाळ हलत नसे. म्हणून सर्व ठीक आहे असे समजले जाई.

ही समजूत मोडण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परतणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची अवस्था फार खालावलेली असते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या भुलीसोबत फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले, दुसऱ्याला केवळ नेहमीची भूल दिली. वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या रक्तात तणावाची संप्रेरके कमी आढळली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बालकांनाही शस्त्रक्रियेत भूल व वेदनाशमन मिळाले पाहिजे, अशी भूमिका जाहीर केली.

वेदना वाहून नेण्यासाठी मज्जातंतूंवर पूर्ण आवरण असावेच लागते असे नाही, हे आज सर्वमान्य आहे. उलट, मेंदूकडून खाली येऊन वेदनेला आवर घालणारी यंत्रणा नवजात बाळात अपरिपक्व असते. त्यामुळे त्याला वेदना अधिक तीव्रतेने जाणवत असण्याचा संभव आहे. 'लहान आहे, विसरून जाईल' हेही खरे नाही. टोरांटो येथील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, जन्मानंतर वेदनाशामकाशिवाय सुंता झालेली बाळे चौथ्या ते सहाव्या महिन्यातील लसीच्या वेळी इतरांपेक्षा अधिक रडतात. मन विसरले तरी शरीर विसरत नाही, असाच याचा अर्थ.

गप्प करणे म्हणजे शमविणे नव्हे

महाराष्ट्रातही रडणाऱ्या बाळाला गप्प करण्याचे उपाय जुने आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देत. बाळ दिवसभर पडून राही. त्याची भूक, त्याचा ज्वर, त्याचे दुखणे तसेच राही. त्या मातांना दोष देणे अन्यायाचे होईल, कारण पाळणाघर नव्हते आणि पोटासाठी गिरणी सुटत नव्हती. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची 'डंभा' नावाची प्रथा एकविसाव्या शतकातही पूर्णपणे संपलेली नाही. एका वेदनेवर दुसरी वेदना लादणे, याला उपचार म्हणता येत नाही. डाग दिलेली जागा चिघळते आणि न्यूमोनियासारखा मूळ आजार ओळखण्याचे अमूल्य तास निघून जातात.

याउलट, बाळाची खूण वाचता येणे ही शिकण्यासारखी विद्या आहे, हे विदर्भानेच सिद्ध करून दाखविले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाचा आजार ओळखण्यास शिकविले. बाळ दूध ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय गळाले, श्वास घेताना छातीखाली खळगा पडू लागला, अशा खुणा त्या अचूक टिपू लागल्या आणि बालमृत्यू घटले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्याचा पुढे देशभरातील आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात उपयोग झाला. मग जी माता बाळाला चोवीस तास जवळ घेते, तिला ही विद्या अशक्य का असावी?

वेदना कशी ओळखावी?

तान्ह्या बाळाची वेदना प्रथम चेहऱ्यावर दिसते. भुवया आखडतात, त्यांच्यामध्ये उंचवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठापर्यंतची रेघ खोल होते, तोंड चौकोनी उघडते. मुठी वळतात, पाय पोटाशी ओढले जातात किंवा ताठ होतात. भुकेचे रडणे छातीला लावताच थांबते. वेदनेचे रडणे एकाएकी, उंच स्वरात सुरू होते आणि सहज थांबत नाही. मात्र फार आजारी किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ रडतही नाही. असे निपचित पडलेले, स्तनपान नाकारणारे बाळ 'गुणी' नसते. त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

डॉक्टर व परिचारिका वापरतात ती एक सोपी रीत घरीही उपयोगी पडेल. तिला 'फ्लॅक' असे म्हणतात. ती १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पडणे या ५ गोष्टी पाहून प्रत्येकीला ० ते २ गुण द्यायचे. एकूण गुण १०. गुण जितके अधिक, तितकी वेदना अधिक. औषध दिल्यानंतर तासाभराने पुन्हा गुण मोजले म्हणजे उपयोग झाला की नाही, हे अंदाजाने नव्हे तर निरीक्षणाने कळते. बोलू न शकणाऱ्या दिव्यांग मुलांच्या बाबतीत आईवडिलांनी ओळखलेल्या त्याच्या खास खुणाही त्यात धरल्या जातात, कारण त्याची भाषा त्यांनाच ठाऊक असते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला हसऱ्यापासून व्याकूळ होईपर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रे दाखवून 'तुझे दुखणे यांतल्या कोणासारखे?' असे विचारता येते. आठ वर्षांपुढील मुलाला शून्य ते दहा यांमधील आकडा विचारावा. त्यापुढचे काम मराठी भाषाच करते. ठणका, ठसठस, कळ, मुरडा, चमक, सणक, चुरचुर, भगभग, मुंग्या : वेदनेचे इतके बारकावे सांगणारे शब्द आपल्या बोलीत आहेत. पू झालेले गळू ठसठसते, आतड्याची कळ येऊन जाते, नस दुखावली की चमक निघते. हे शब्द मुलाला आयते भरवू नयेत; 'कसे दुखते?' असे विचारून त्याच्याच तोंडून येऊ द्यावेत. डॉक्टरांना त्यातून अर्धे निदान मिळते.

शब्दांपेक्षाही वागण्यातला बदल अधिक बोलका असतो. रोज मैदानावर पळणारा मुलगा ओट्यावर बसून राहू लागला, आवडीचा पदार्थ ताटात तसाच राहिला, झोपेत दचकणे वाढले, स्वभाव चिडका झाला, तर त्याला रागावण्यापूर्वी 'काही दुखते का?' असे विचारावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'दुखत असेल तर इंजेक्शन देऊ' असे ज्याला ऐकवले जाते, ते मूल पुढच्या वेळी 'नाही दुखत' असेच म्हणते.

विदर्भाची स्वतःची वेदना : सिकलसेल

मुलांच्या वेदनेचा विषय नागपूर जिल्ह्यात निघावा आणि सिकलसेलचा उल्लेख होऊ नये, हे शक्य नाही. १९१० मध्ये शिकागोचे डॉ. हेरिक यांनी प्रथम वर्णन केलेला हा आनुवंशिक रक्तविकार मध्य भारतात असल्याचे नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. पूर्व विदर्भातील अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. आपल्या घरात तो नसेलही; पण दुकानात राबणाऱ्या माणसाच्या घरात, शेजारच्या अंगणात, शाळेत त्याच बाकावर तो असू शकतो.

या आजारात रक्तातील लाल पेशी प्राणवायू सोडल्यावर विळ्याच्या आकाराच्या व कडक होतात. त्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि हाडे, सांधे, पोट, छाती यांत असह्य वेदना सुरू होते. जन्मानंतर काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करते. ते कमी होऊ लागले की सुमारे सहा महिने ते दोन वर्षे या वयात हातापायांचे पंजे सुजून दुखणे, ही पुष्कळदा पहिली खूण असते. पुढे ताप, थंडी, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही निमित्ते ठरतात. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा अशा मुलासाठी पाण्याची बाटली ही चैन नसून औषधच असते.

या वेदनेचे दुर्दैव असे की ती बाहेरून दिसत नाही. प्लास्टर नाही, जखम नाही, रक्त नाही. काल खेळणारा मुलगा आज उठू शकत नाही, म्हणून त्याला आळशी ठरविले जाते. परीक्षेच्या दिवशी कळ उठली तर नाटकी म्हटले जाते. किशोरवयात हा अविश्वास वेदनेपेक्षाही जिव्हारी लागतो. मग तो सांगणेच सोडतो, आणि ज्या वेळी सांगायलाच हवे त्या वेळीही गप्प राहतो. सिकलसेलच्या मुलाला ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी पांढरेफटक पडणे, पोटाची डावी बाजू फुगणे, बोलण्यात अडखळणे किंवा अंगाच्या एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर घरी थांबू नये. थेट रुग्णालय गाठावे.

घरी सौम्य कळ आली असता पाणी, विश्रांती, उबदार शेक आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले वेदनाशामक द्यावे. बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. कळांची संख्याच कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपलब्ध आहे. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कमी व ठराविक मात्रेतही मुलांच्या वेदनेच्या कळा आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग घटल्याचे दिसून आले. हे औषध रक्ततपासणी करीत तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. सिकलसेलग्रस्त कुटुंबांसाठी केलेल्या कार्याबद्दल नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य ठरविण्यात आले. विवाहापूर्वी पत्रिकेबरोबर ही साधी रक्ततपासणीही पाहिली जावी.

उपचार : औषध, स्पर्श आणि विश्वास

मुलांच्या सामान्य वेदनेवर पॅरासिटामॉल हे पहिले औषध होय. त्याची मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांच्या अंतराने, २४ तासांत ४ वेळांहून अधिक नाही. तीन महिन्यांखालील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये. येथे एक धोका आहे. बाळाच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांचे औषध चमच्याने मोजले तर मात्रा कित्येक पट होते. सर्दीच्या अनेक मिश्रणांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही बाटल्या एकदम दिल्यास यकृताला इजा पोहोचू शकते. म्हणून लेबल वाचावे आणि दिलेली वेळ लिहून ठेवावी.

मुलांना अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेनही टाळावे. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. घरातील जुन्या डब्यात उरलेल्या गोळ्या शोधण्यापूर्वी एवढे स्मरणात असावे.

लसीची सुई हा प्रत्येक घरातील प्रसंग. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेले उपाय बिनखर्चाचे आहेत. तान्ह्या बाळाला सुईपूर्वी व सुईच्या वेळी अंगावर पाजावे. मोठ्या बाळाला आडवे दाबून न धरता मांडीवर बसवावे. दोन लसी असतील तर अधिक दुखणारी शेवटी द्यावी. 'मुळीच दुखणार नाही' असे खोटे सांगू नये. 'थोडे टोचेल, मी जवळ आहे' एवढे खरे सांगावे. फुगा फुगविणे, अंक मोजणे, गोष्ट ऐकणे यांनी मुलाचे लक्ष वळते आणि वेदना खरोखरच कमी जाणवते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरले असता सुईची वेदना घटते. मध चाटविण्याची काही घरांतील रीत मात्र सोडावी. जैन आचारात मध वर्ज्य आहेच. एक वर्षाखालील बाळाला तो वैद्यकीय दृष्टीनेही घातक ठरू शकतो.

किशोरांच्या बाबतीत दीर्घकाळ टिकणारी डोकेदुखी, पोटदुखी, पाठदुखी पुष्कळदा तपासणीत सापडत नाही. अहवाल निर्दोष आला म्हणून वेदना खोटी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये अशा वेदनेसाठी व्यायाम, मानसिक आधार व औषध या तिन्हींचा एकत्र विचार सुचविला आहे. झोप नियमित करणे आणि शाळा हळूहळू पुन्हा सुरू करणे हाही त्या उपचाराचा भाग असतो. मुलींच्या मासिक पाळीतील वेदनेबाबत 'हे तर सोसायचेच असते' हे वाक्य घराघरांतून हद्दपार व्हावे. दर महिन्याला शाळा बुडत असेल तर तिला डॉक्टरांकडे नेणे हे कर्तव्य आहे.

कर्करोगासारख्या गंभीर आजारात मॉर्फिन हे मुलांसाठीही मान्यताप्राप्त औषध आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, वेदनेसाठी, योग्य मात्रेत दिले असता व्यसनाची भीती बाळगून मुलाला तळमळत ठेवण्याचे कारण नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे ते मिळणे अतिशय कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय उपयोगासाठी त्याची वाट सुलभ झाली. महाराष्ट्रात २०१० मध्ये जव्हारसारख्या आदिवासी भागात आणि मुंबईच्या शीव रुग्णालयात बालकांच्या वेदनाशमन सेवेचा प्रकल्प सुरू झाला होता. खेड्यातही हे होऊ शकते, याचा तो पुरावा होय.

सोसणे कोणाचे?

शेवटी एका नाजूक प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे. तपश्चर्येला मान देणाऱ्या समाजात सोसण्याचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. परंतु तपाचे मूल्य ते समजून, स्वेच्छेने स्वीकारण्यात असते. ज्वराने फणफणलेल्या बालकाने काहीही स्वीकारलेले नसते. त्याची वेदना हे तप नव्हे. ती दूर करणे हे मात्र मोठ्यांचे कर्तव्य खचितच आहे. म्हणून कान टोचताना, जखम धुताना, सुई देताना 'शहाणी मुले रडत नाहीत' असे न म्हणता 'दुखले ना? रड हवे तर' असे म्हणावे. ज्याचे लहान दुखणे ऐकले जाते, ते मूल मोठे दुखणे लपवीत नाही.

या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने एवढे ठरवावे : मुलाला विचारावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा, दुखणे मोजावे, योग्य उपचार करावा आणि तासाभराने पुन्हा विचारावे. शेवटची पायरीच बहुतेक घरांत राहून जाते. औषध पाजून दिवा मालविण्यापूर्वी 'आता कसे वाटते?' असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत उशाशी थांबावे.

जय जिनेंद्र.